थर्ड शिफ्टचा उजेड

उद्यमबागेत लोखंड रात्रीच का वितळवतात, असं एखादा पाहुणा विचारतो तेव्हा मी त्याला भट्टीकडे नेत नाही, मीटररूमकडे नेतो. हेस्कॉम या वीज कंपनीच्या उच्चदाब ग्राहकाला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात युनिटमागे सूट असते. इंडक्शन फर्नेसला वीज लागते भरमसाट. मग शहाणा मालक ती दुपारी कशाला चालवेल? मेल्टिंग रात्री, म्हणून पोअरिंग रात्री, म्हणून मोल्डिंगवालाही रात्री. शेजारच्या मशीन शॉपमध्ये कर्जावर घेतलेली व्हीएमसी मशीनं असतात. बँकेचं व्याज रात्रीही चालू असतं, म्हणून तिथेही थर्ड शिफ्ट. बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, पलीकडे होनग्याला रात्री अकराला आत गेलेली माणसं सकाळी सातला बाहेर पडतात.

या माणसांच्या डोक्यावरचे दिवे सांभाळणं हे माझं काम. हुद्दा मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. कामगार मामा म्हणतात, ऑफिसवाले वायरमन म्हणतात, मी दोन्हीला ओ देतो. मूळ गाव निपाणीकडचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बसायची जागा उंबऱ्याजवळ, कारण उजेड तिथे. दिवस मावळला की डोळे ओढतात म्हणून सूप बाजूला ठेवायची आणि नऊला तिचा घोरण्याचा आवाज यायचा. ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही, तंबाखूच्या धुळीचा खोकला तिला शेवटपर्यंत पुरला. पण झोप येत नाही ही तक्रार मी तिच्या तोंडून ऐकली नाही. ती मी कारखान्यात ऐकली, आणि तीही नवे दिवे बसल्यावर.

आधी जुन्या दिव्यांचं सांगतो. आमच्या शेडमध्ये मर्क्युरी होते, मग सोडियम आले, काही ठिकाणी मेटल हॅलाइड. सोडियमचा पिवळा उजेड ज्यानं पाहिलाय त्याला तो समजावून सांगायला नको. त्याच्याखाली तांबडा रंग तपकिरी दिसतो, गंज आणि ग्रीस यांत फरक कळत नाही, बोट कापलं तर रक्त ऑइलसारखं दिसतं. वीज गेली की दिवा गार होईपर्यंत परत पेटत नाही, मग सगळे काळोखात मला शिव्या देत उभे. चोक जळायचे, इग्नायटर जायचे. मशीन शॉपमध्ये ट्यूबलाइट होत्या आणि त्या लावताना शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचा आमच्यात दंडक होता. एकाच फेजवर सगळ्या टाकल्या तर त्यांच्या लुकलुकण्यामुळे फिरता चक थांबल्यासारखा दिसतो आणि एखादा हात घालतो. दिव्याचं काम हे असं हातापायाशी खेळणारं असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

मग एलईडी आले. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारनं घरोघरी एलईडी बल्ब पोचवायची योजना काढली, तीच पुढे उजाला नावानं ओळखली गेली. त्यानंतरच्या वर्षांत दिव्यांचे भाव उतरत गेले आणि कारखान्यांनीही फिटिंगं बदलली. चारशे वॉटच्या जागी दीडशे वॉटचा हायबे. आमच्याकडे जे आले ते ६५०० केल्विनचे, बॉक्सवर लिहिलेलं असतं ‘कूल डेलाइट’. पांढरेशुभ्र. पहिल्या रात्री क्वालिटीवाला खूश, कारण कास्टिंगवरचा ब्लोहोल लांबून दिसायला लागला. केसाएवढी चीर दिसायला लागली. कस्टमर ऑडिटवाले आले, फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर लक्स मीटर ठेवून हजारावर आकडा बघून गेले. मी आजही सांगतो, सोडियम परत लावा असं कुणी म्हटलं तर मी लावणार नाही.

तक्रार आली ती व्हीएमसीवरच्या येळ्ळूरच्या पोराकडून. “मामा, उजेड झक्कास हाय, झोप येत न्हाई कामावर. पण घरात जाऊन पडलो तरी डोळाच लागंना झालाय बघा.” मी म्हटलं, मोबाइल बघत बसत असशील. तो म्हणाला, बघतो की, पण आधीबी बघत हुतो. हे उत्तर मला पटलं. मग मी वाचायला लागलो, आमच्या फॅक्टरी डॉक्टरांना विचारायला लागलो आणि लक्स मीटर घेऊन वेळी-अवेळी हिंडायला लागलो.

दिव्याचा संबंध फक्त दिसण्याशी आहे असं आपण धरून चालतो. कायदासुद्धा तसंच धरून चालत आला. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टचं कलम १७ दिव्यांबद्दल होतं. पुरेसा आणि योग्य उजेड हवा, डोळ्यांवर चकाकी येऊ नये, डोळे शिणतील किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, असं त्यात होतं. झोपेबद्दल अवाक्षर नव्हतं. ते लिहिणाऱ्यांचा दोष नाही, कारण मेलाटोनिन नावाचं द्रव्यच येल विद्यापीठातल्या अॅरन लर्नर यांनी १९५८ साली वेगळं काढलं. हे द्रव्य मेंदूतली एक छोटी ग्रंथी अंधार पडल्यावर रक्तात सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवते. आपल्या रोजच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास ते चढायला लागतं. १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी यांनी दाखवलं की रात्री डोळ्यांवर झगझगीत उजेड टाकला, त्यांच्या प्रयोगात २५०० लक्स, तर माणसाचं मेलाटोनिन खाली येतं.

पुढची गंमत अशी की, काही पूर्ण आंधळ्या माणसांतही हे घडतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं तसं नोंदवलं. ज्याला दिवा पेटलाय की विझलाय हेही दिसत नाही, त्याच्या डोळ्यांवर उजेड टाकला आणि मेलाटोनिन उतरलं. म्हणजे डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काहीतरी होतं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत त्या पेशी पकडल्या. डोळ्याच्या पडद्यावर थोड्याशाच असतात, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि त्यांच्या तारा थेट मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, शरीराच्या मुख्य घड्याळापाशी जातात. मी वायरिंगवाला असल्यामुळे हे मला चटकन कळलं. मीटरला जाणारी लाइन वेगळी आणि दिव्यांना जाणारी वेगळी.

या पेशींना सगळे रंग सारखे नाहीत. निळा, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, त्यांना सगळ्यात जास्त लागतो. पिवळा-तांबडा फारच कमी. आता पांढरा एलईडी कसा बनतो ते बघा. आत चिप निळी असते, तिच्यावर पिवळट पावडरीचा थर असतो, आणि निळा नि पिवळा मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. ती निळी चिप बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चिपचा निळा ४५० नॅनोमीटरच्या जवळचा, म्हणजे त्या पेशींच्या आवडीच्या पट्ट्यातलाच. ‘कूल’ दिव्यात हा निळा जास्त, ‘वॉर्म’मध्ये कमी. मीटरवर लक्सचा आकडा तोच असला तरी ६५०० केल्विनचा एलईडी या पेशींना सोडियमपेक्षा तीन-चार पट जाणवतो. लक्स मीटर हे दाखवत नाही, कारण तो बघण्याच्या हिशेबानं बनवलाय. एवढी वर्षं जो आकडा आम्ही रजिस्टरला लिहीत होतो, तो अर्धीच गोष्ट सांगत होता.

भट्टीवरच्या लोकांचा प्रश्न इथे मला सुटल्यासारखा वाटला. मेल्टर आणि पोअरिंगवाले चौदाशे अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या लोखंडाकडे रात्रभर बघतात, तरी उजेडाची तक्रार त्यांच्याकडून कमी येते. त्या लाल-केशरी धगीत निळं फार थोडं असतं. त्यांची झोप घालवते ती उष्णता, पाणी कमी पडणं आणि कंबर. तो विषय वेगळा.

मग मी मीटर वेगळा धरायला शिकलो. आपण तो टेबलावर आडवा ठेवतो, कारण जॉब टेबलावर असतो. पण डोळे काही टेबलावर नसतात. मीटर डोळ्यांच्या उंचीवर, उभा, नजर जिथे जाते तिकडे तोंड करून धरला की आकडा बराच उतरतो. म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात एका पेपराबद्दल कळलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी माणसाचं निम्मं मेलाटोनिन संध्याकाळी अवघ्या पंचवीसेक लक्सला दबलं होतं, आणि माणसामाणसांत पन्नास पटींहून जास्त फरक होता. एकाला घरातल्या झिरो बल्बच्या वरचा उजेड पुरतो, दुसऱ्यावर ट्यूबलाइटही फारसा परिणाम करत नाही. येळ्ळूरच्या पोराची झोप उडते आणि त्याच्याच शेजारच्या मशीनवरचा गडी घरी जाऊन मेल्यासारखा झोपतो, याचं कोडं तिथे सुटलं. सुपरवायझर म्हणत होता, हा कामचुकार आहे. तसं नव्हतं.

पण खरा धक्का कारखान्याबाहेर बसला. सकाळी सातला मी मीटर घेऊन गेटबाहेर आलो. उद्यमबागेतून अनगोळ, वडगाव, येळ्ळूरकडे जाणारा माणूस पूर्वेला तोंड करून गाडी चालवतो. सूर्य समोर. पिरनवाडी, मच्छेकडच्या माणसाच्या तो पाठीवर. मी मीटर वडगावच्या दिशेनं धरला तर पडद्यावर नुसता ‘1’ आला, म्हणजे मीटरच्या पट्ट्याबाहेर गेलं. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो. मशीन शॉपमध्ये आम्ही तीनशे-चारशेवरून भांडतोय आणि माणूस घरी जाताना अर्धा तास त्याच्या कितीतरी पट उजेड डोळ्यांत भरून घेतोय.

त्यातही वेळ वाईट. दिवसा जगणाऱ्या माणसाचं अंग पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात थंड असतं. त्या वेळेच्या आधी उजेड मिळाला तर शरीराचं घड्याळ मागे सरकतं, म्हणजे उशिरा झोपायची तयारी होते. त्यानंतर मिळाला तर घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे लवकर उठायची. थर्ड शिफ्टवाल्याचं घड्याळ कारखान्यातल्या दिव्यांनी मध्यरात्री थोडं मागे ढकललेलं असतं, सकाळचं ऊन ते परत जागेवर आणून ठेवतं. साडेआठला तो अंथरुणावर पडतो तेव्हा त्याच्या शरीराच्या हिशेबानं सकाळ झालेली असते. दमलेला असतो म्हणून झोप लागते, पण बाराला डोळे टक्क उघडतात.

माझा मेहुणा आमच्याच भागातल्या एका साखर कारखान्यात सीझनला असतो. तिथली पाळी पहाटे चार ते बारा, बारा ते आठ आणि रात्री आठ ते चार अशी. रात्रीची संपवून तो घरी येतो तेव्हा बाहेर काळोखच असतो. सूर्य उगवायच्या आत तो झोपलेला असतो आणि दहाला उठून चहा मागतो. रात्रीच्या पाळीचा त्याला त्रास असा नाही. त्याला नकोशी वाटते ती पहाटे चारची, कारण तिच्यासाठी अडीचला उठावं लागतं आणि रात्री आठला कुणाला झोप येते? पाळ्यांचे तास कुणी, कधी, कशासाठी ठरवले कोण जाणे, पण झोपेच्या बाबतीत उसाच्या कारखान्याची रात्र फाउंड्रीच्या रात्रीपेक्षा बरी पडते.

मग उपाय काय? झाइस्लर यांच्याच गटानं १९९० मध्ये एक प्रयोग छापला होता. रात्री काम करणाऱ्यांना सात हजार ते बारा हजार लक्सचा प्रचंड उजेड आणि दिवसा झोपायला पूर्ण काळोख. थोड्याच दिवसांत त्यांचं घड्याळ पार उलटं झालं, दिवसा ते छान झोपले. हे वाचून आमचे प्रॉडक्शन मॅनेजर साहेब म्हणाले, मग वाढवू या की दिवे. मी म्हटलं, साहेब, ती माणसं उलटीच राहणार असतील तर. आपली माणसं पुढच्या सोमवारी सेकंड शिफ्टला येणार. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. आठवड्याच्या आठवड्याला पाळी बदलली तर ते बेळगावात कधीच पोचत नाही आणि निपाणीतही राहत नाही, मधे संकेश्वरला अडकतं. साहेबांना हे पटलं, कारण ते स्वतः संकेश्वरचे.

म्हणून आम्ही जे केलं ते मधलं आहे. मशीनवरचा उजेड कमी केला नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात माणूस सगळ्यात जास्त पेंगतो आणि त्याच वेळी हात मशीनमध्ये असतो, तिथे काळोख करणं हा मूर्खपणा आहे. वरच्या हायबेंचे जसजसे ड्रायव्हर जातात तसतशी त्या जागी ४००० केल्विनची फिटिंगं येतात. हजार लक्स हवेत तिथे टेबलावर वेगळा दिवा दिलाय, सगळ्या शेडला नाही. कँटीन, लॉकररूम आणि पंचिंगच्या पॅसेजमध्ये वॉर्म दिवे बसवले, पाचनंतर टायमरवर त्यातले निम्मे बंद होतात. कँटीनवाल्याची कुरकुर होती की पोहे पिवळे दिसतात. पोहे पिवळेच असतात, असं त्याला सांगितलं.

मला विचाराल तर यानं चवली-पावलीचा फरक पडला. मोठा फरक घरी पडला. वडगावात आमचे बरेच लोक कौलारू घरांत राहतात. माळ्याखाली उजेड यावा म्हणून मधे एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. दुपारी बाराला त्यातून उन्हाचा चौकोन बरोबर अंथरुणावर उतरतो. वर शेजारच्या मागांचा खडखडाट. एकाच्या घरी मी स्वतः गेलो, काचेच्या कौलाला आतून पोतं बांधलं आणि खिडकीला मल्चिंग पेपर लावला. आपल्याकडे मिरची-टोमॅटोवाले शेतकरी वाफ्यावर अंथरतात तोच, एक बाजू काळी, एक चंदेरी. चंदेरी बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे उष्णताही परत जाते. खर्च नाश्त्याएवढा. त्याची बायको आधी हसली, मग म्हणाली, भाऊजी, पण मला दिवसा भाजी निवडायला उजेड नको का? तिचंही खरं होतं. एकाच खोलीत संसार असेल तर एकाची रात्र दुसऱ्याच्या दिवसावर पडते. शेवटी पडदा खोलीच्या मधोमध टांगला.

२०२२ साली टिमोथी ब्राऊन आणि त्यांच्या बरोबरच्या शास्त्रज्ञांनी घरातल्या उजेडासाठी आकडे सुचवले. मेलॅनॉप्सिनच्या मापानं दिवसा डोळ्यांपाशी निदान अडीचशे, झोपेआधीचे तीन तास दहाच्या आत, झोपेत एकच्या आत. हे आकडे दिवसा जागणाऱ्या माणसांसाठी आहेत, रात्रपाळीवाल्यांना सरळ लावता येत नाहीत. पण त्यातला ‘एकच्या आत’ मी सगळ्यांना सांगतो. काचेच्या कौलाखाली मी मोजलं तेव्हा आकडा शेकड्यांत होता.

काळ्या गॉगलबद्दल सगळेच विचारतात. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं नाही तर घड्याळ परत ओढलं जात नाही, हे खरं. आमच्यातला एक जण हे ऐकून गॅस कटिंगचा गडद चष्मा लावून मोटरसायकलवरून निघाला, त्याला मी गेटवरच पकडला. रात्रभर जागलेला माणूस तो सकाळचा उजेड खाऊनच जागा असतो, तोही काढून घेतला तर खानापूर रोडवर ट्रकखाली जाईल. जो मागे बसतो किंवा बसनं जातो त्यानं गॉगल जरूर लावावा. स्वतः चालवणाऱ्यानं टोपी पुढे ओढून सरळ घरी यावं आणि बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसू नये.

हे सगळं फक्त पेंगण्यापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं, २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तेच पुन्हा नोंदवलं. मी त्यावर फार बोलत नाही, कारण घाबरवून कुणी जास्त झोपत नाही.

आता वाद चाललाय तो पाळ्यांच्या क्रमावर. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. त्या हिशेबानं फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड हा सरळ क्रम शरीराला बरा. आमच्याकडे उलटा आहे, थर्डनंतर सेकंड, मग फर्स्ट. सरळ करायचा प्रस्ताव वर्क्स कमिटीपुढे आला आणि कामगारच विरोधात गेले. त्यांचा हिशेब पक्का आहे. उलट्या क्रमात शनिवारी दुपारी तीनला फर्स्ट सुटली की थेट सोमवारी रात्री अकराला थर्डला यायचं, म्हणजे छप्पन्न तास मोकळे. निपाणीचे जे लोक इथे खोली करून राहतात ते तेवढ्यात गावाला जाऊन शेतात पाणी पाजून येतात. सरळ क्रमात असा मोठा तुकडा मिळत नाही. उलट रविवारी सकाळी सातला थर्ड सुटली की सोमवारी सातला फर्स्ट, मधे मोजून चोवीस तास. फॅक्टरीज अॅक्टनं रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून चोवीस तास अशीच धरली होती, त्यामुळे कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

मी कमिटीत मांडलं की क्रम सरळ करा, पण थर्डच्या आठवड्यात शनिवारची रात्र सोडा, म्हणजे अठ्ठेचाळीस तास मिळतील. मॅनेजमेंट म्हणते, एक रात्र मेल्टिंग बंद म्हणजे किती टन गेले ते मोजा. निपाणीवाले म्हणतात, मामा, तुमचं घड्याळाचं बरोबर असंल, पण उसाला पाणी कोण पाजणार? फक्त मशीन शॉपमध्ये, जिथे भट्टीचा प्रश्न नाही, तिथे तीन महिने सरळ क्रम लावून बघायचं ठरलंय. येळ्ळूरच्या पोरानं पहिलं नाव दिलंय. निपाणीच्या कुणीही दिलेलं नाही.